वाचक विचारतात : माणदेशच्या बोडक्या डोंगरांवर दिवसभर चालायचंय, प्लॅन कसा करू?

प्रश्न : आम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीतले सहा जण, पन्हाळा-पावनखिंड भर पावसात दरवर्षी करतो. आता जरा वेगळं म्हणून शिखर शिंगणापूरच्या आसपासच्या महादेव डोंगररांगेत चालायचंय, नुसतं गवत आणि माळ, झाडं जवळजवळ नाहीतच. नकाशावर वाट काढलीय, २० किमी भरते आणि चढ सगळा मिळून ६०० मीटर. सुट्टी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मिळतेय. आमच्यात ५८ वर्षांचे एक काका आहेत पण चालायला सगळ्यांच्या पुढं. पाणी किती घ्यायचं, निघायचं किती वाजता, वाट चुकते का, जरा डिटेलमध्ये सांगा की.

उत्तर : पहिलं म्हणजे तारीख बदला. फेब्रुवारी संपता संपता तिकडं दुपारचं ऊन ३५ अंशांच्या घरात जातं आणि गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, सावली म्हणाल तर कुठंतरी एखादी बाभूळ नाहीतर हिवर, आणि वनीकरणात लावलेलं गिरिपुष्प उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळून उभं. जानेवारीचा पहिला पंधरवडा धरा. पहाटे १०-१२ अंश, स्वेटर लागेल, दुपारी ३० पर्यंत, म्हणजे चालता येण्यासारखं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माळ हिरवागार दिसतो हे खरं पण गवत मांडीला लागतं आणि पाय कुठं पडतोय ते दिसत नाही, त्यात धोका काय ते पुढं सांगतो.

तुम्ही पावसातली माणसं. पावनखिंडीच्या वाटेला पाणी सगळीकडं, प्रश्न फक्त चिखलाचा आणि जळवांचा. इथं उलटं आहे. सह्याद्रीची धार पाऊस अडवते, गगनबावड्याला धो धो कोसळतो आणि माण, आटपाडी, जत भागात वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पडला तरी लोक बरं वर्ष म्हणतात. त्यामुळं इथला दिवस किलोमीटरवर आखायचा नाही. पाणी कुठं मिळणार आणि बारा वाजता सावलीत कुठं बसणार, ही दोन ठिकाणं आधी नकाशावर टिंब देऊन ठरवायची आणि वाट त्यांच्यातून न्यायची.

आता वेळेचा हिशेब. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक सोपा नियम दिलाय, दर ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमचे झाले पाच तास. पण तो न थांबता चालणाऱ्या तब्येतीच्या माणसाचा आकडा, सहा जणांचा ग्रुप, फोटो, पाणी, कुणाची तरी बुटाची नाडी, सगळं धरून दीडपट करा म्हणजे साडेसात. वर दुपारची अडीच तासांची विश्रांती, आणि ती काटायची नाही, काका कितीही पुढं असले तरी. सकाळी साडेसहाला फटफटताना निघालात तर साडेचारला गाडीजवळ. सूर्य मावळतो सव्वासहाच्या सुमाराला, म्हणजे पावणेदोन तास हातात राहतात. त्यासाठी कोल्हापुरातून त्या पहाटे निघून जमणार नाही, आदल्या रात्री तिकडंच मुक्काम करा.

वाट सरळ लांबलचक ठेवू नका, मधे एखादं गाव किंवा निदान ओवऱ्या असलेलं देऊळ येईल अशी वळवा. उघडी धार सकाळी अकराच्या आत उरकायची, साडेअकरापर्यंत गावात. पोचला नाहीत तर उरलेला डोंगर त्या दिवसापुरता सोडायचा आणि गावातून गाडी करून परत यायचं, आणि हे घरातनं निघतानाच सगळ्यांनी कबूल करून टाका कारण वर गेल्यावर "एवढंच तर राहिलंय" म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच.

पाणी माणशी ४ लिटर. सहा जणांचं २४ लिटर, म्हणजे २४ किलो वजन, हे सगळं पाठीवर घेऊन कुणी चढू नये. आदल्या संध्याकाळी त्या मधल्या गावात जाऊन किराणा दुकानात कॅन ठेवून या, दुकानदाराला सांगून, आणि सकाळी माणशी अडीच लिटर घेऊन निघा. नकाशावर निळे ठिपके दिसतील, ते बहुतेक पाझर तलाव, १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीत असे कितीतरी खोदले गेले. त्यांचं काम पाणी जमिनीत मुरवायचं, ते साठून राहील असं नाही, त्यामुळं जानेवारीत तिथं चिखलाला भेगा पडलेल्या दिसल्या तर नवल नाही. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आता बऱ्याच गावांत आलंय आणि ते बघून खरंच बरं वाटतं, पण कालव्याला पाणी आवर्तनाप्रमाणं सुटतं, आपल्या ट्रेकप्रमाणं नाही.

नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही, घामातून मीठ जातं. ओआरएसची पाकिटं घ्या, आणि सोबत आपलं घरचं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, लिंबू, खारे दाणे. कुणी घाम यायचा बंद होऊन असंबद्ध बोलायला लागला तर ती उष्माघाताची खूण, सावलीत निजवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन. तिथं "जरा बसला की बरं वाटेल" म्हणून थांबू नका.

वाट चुकण्याबद्दल. सह्याद्रीत रानातनं एक मळलेली वाट असते, ती धरली की झालं. इथं वाटाच वाटा, सगळ्या मेंढरांच्या, उतारावर एकाच उंचीनं आडव्या जाणाऱ्या आणि शेवटी एखाद्या तलावाच्या बांधावर नेऊन सोडणाऱ्या. डोंगरही सगळे सपाट माथ्याचे, एकासारखा एक. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा ऑनलाइन मिळतो, त्यात २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर, तो प्रिंट करून घ्या आणि फोनमध्येही ऑफलाइन नकाशा ठेवा. उतरताना मात्र फोनपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. लाव्हाच्या थरांमुळं हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे झालेत आणि वरून खालचा कातळाचा टप्पा दिसतच नाही, म्हणून सोंडेवरनं उतरा, ओढ्याच्या घळीतनं नाही.

आणि गवतातले समतल चर. पाणी अडवायला डोंगरभर खणलेत, फूट-दीड फूट खोल, वर गवत वाकलेलं असलं की कळतच नाही आणि घोटा गेला. काठी आपटत चाला. काठीचा दुसरा उपयोग फुरशासाठी, हा विषारी साप. वीतभर नाहीतर हातभर लांबीचं, दगडाच्या रंगाचं, त्यामुळं दगड उचलताना किंवा टेकताना आधी बघा. चावलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, तो हात किंवा पाय हलू न देता दवाखाना गाठायचा. जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे ते निघायच्या आधीच फोन करून विचारून ठेवा.

कपड्यांचं एकच सांगतो, लोकरी मोजे आणि ट्रॅकपँट नको. या माळांवर कुसळी गवत भरपूर. त्याचं बी टोकाला सुईसारखं, मागं उलटे केस, आणि त्यामागं बोटभर लांब शेपूट पीळ घातलेलं. एक कुसळ तळहातावर घेऊन पाण्याचा थेंब टाकून बघा, पीळ सुटायला लागतो आणि ते हातावर गोल फिरतं. जमिनीत शिरायची ही त्याची रीत, आणि घामानं ओल्या मोज्यातही ते असंच शिरतं. गुळगुळीत नायलॉनची पँट घाला आणि बूट-पँटच्या सांध्यावर कापडी पट्टी गुंडाळा.

हा माळ ओसाड नाही हेही डोक्यात असू द्या. चंडोल, टिटवी, धाविक जमिनीवरच अंडी घालतात, हिवाळ्यात आलेले भोवत्ये, म्हणजे शिकारी पक्षी, रात्री गवतातच बसतात, लांडगा आणि खोकड इथलेच. काडी ओढू नका, एक ठिणगी पडली की सगळा डोंगर जातो आणि मेंढरांचा वर्षाचा चारा जातो. वनखात्याची हद्द लागत असेल तर रेंज ऑफिसात आधी विचारा. मेंढरांची कुत्री अंगावर आली तर पळू नका, उभं राहून लांबनंच हाक मारा, "पाव्हणं, कुत्री आवरा," मेंढका आवरतो.

प्रश्न : मी आणि माझी १४ वर्षांची मुलगी अशाच एका ग्रुपबरोबर जाणार आहोत, बाकी बहुतेक पुरुष. उघड्या माळावर आडोसा नसतो म्हणून पाणी कमी प्यावं असं वाटतंय. चालेल का? (कसबा बावडा)

उत्तर : अजिबात नाही ताई. उन्हात पाणी कमी पिणं हाच खरा धोका आणि हे कारण बायका बोलून दाखवत नाहीत म्हणून प्लॅनमध्ये येतच नाही. लीडरला आधीच सांगा की दर तासाला पुरुषमंडळींनी शंभर-दोनशे पावलं पुढं जाऊन थांबायचं, विचारायची वेळ कुणावर येऊ द्यायची नाही. मोठी काळी छत्री घ्या, एकीनं धरली की आडोसा आणि एरवी डोक्यावर सावली. तलावाच्या बांधाची मागची बाजू, ओढ्याचा काठ, अशा जागा असतात. पॅड झिपच्या पिशवीत परत आणा, पुरू नका, कुत्री-खोकडं उकरून काढतात. मुलीला हे सगळं आदल्या दिवशी मोकळेपणानं सांगून ठेवा म्हणजे ती लाजून तहान मारणार नाही.

प्रश्न : आमचा लॅब्रेडॉर नेला तर चालेल का? पन्हाळ्यावर मस्त फिरतो. (रंकाळा)

उत्तर : नका नेऊ. कुसळ कुत्र्याच्या कानात आणि पायाच्या बोटांमध्ये शिरतं आणि आत आतच जात राहतं, मग डॉक्टरकडं नेऊन काढावं लागतं. शिवाय मेंढरांचे कळप आणि त्यांची राखणीची कुत्री. ऊनही त्याला आपल्यापेक्षा लवकर लागतं, त्याचं अंग घामानं थंड होत नाही, धापा टाकूनच होतं. त्याला पावसाळ्यात मसाई पठारावर न्या, तिथं गुरं चरत असतात, तेवढी त्याच्या पट्ट्याची दोरी मात्र हातात ठेवा.