अमेरिकेत गेलेल्या अभियंता मुलाला घरची ओढ राहते का?

अमेरिकेत निघालेला अभियंता मुलगा घराकडे बघेल की नुसते पैसे पाठवील, असे आपण विचारले आहे. माझा थोरला भाऊ न्यू जर्सीत संगणक अभियंता आहे आणि मी देवगडला हापूसची बाग सांभाळतो, म्हणून लिहितो. तो बघेल, पण शेजारी मोजतात तसे ते मोजू नका.

वडिलांना गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात दाखल केले तेव्हा मे महिना होता, म्हणजे आंबा उतरवण्याची आणि पेट्या भरण्याची ऐन घाई. डॉक्टर सकाळी नऊला फेरीवर येत, तेव्हा दादाकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असत. तरी तो रोज फोनवर हजर असे, तपासण्यांचे अहवाल आधीच वाचून ठेवी आणि मला जे विचारायला सुचत नसे ते तोच विचारी. बागेतल्या गड्यांची मजुरीही त्याने परस्पर भागवली. वडील गेले तेव्हा मात्र तो आला नाही. अग्नी मी दिला, आणि बाराव्याला काकांनी भावकीसमोर ऐकवले की याला बापापेक्षा डॉलर मोठा.

वास्तविक दादाच्या पासपोर्टवरील एच-१बी व्हिसाची, म्हणजे नोकरीसाठी अमेरिकेत शिरण्याच्या परवान्याची, मुदत संपली होती. तिथे राहून काम करण्याची परवानगी शाबूत असली तरी एकदा बाहेर पडल्यावर अमेरिकी वकिलातीतून नवा व्हिसा मिळेपर्यंत परत जाता येत नाही, आणि तारीख लांबून नोकरी गेली तर वहिनी व मुलांचा तिथला मुक्कामही संपतो. ग्रीन कार्डाचे, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचे, म्हणाल तर नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० दिली जातात आणि एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा असते, त्यामुळे आपली माणसे वर्षानुवर्षे रांगेत राहतात. त्यात मुले २१ वर्षांची झाली की बापाच्या अर्जातून बाहेर पडू शकतात. आईनेच त्याला सांगितले होते, "येऊ नको, पोरांकडे बघ." काकांना हे ठाऊक होते. ते स्वतः डोंबिवलीला राहतात, बांबोळीला एकदाही फिरकले नाहीत आणि गणपतीला दीड दिवस येऊन आम्हाला कर्तव्य शिकवतात.

अर्थात सगळेच दादासारखे नसतात. पैसे पाठवून पै-पैचा हिशेब मागणारे आणि घराला कुलूप घालून विसरलेलेही आमच्याच वाडीत आहेत. आपला मुलगा कसा निघेल हे मी सांगू शकत नाही. एवढे मात्र करा, की जमिनीचे कागद त्याच्या डोळ्यांखालून घाला, कारण पुढे त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले तर शेतजमीन वारसाने मिळेल, विकत घेता येणार नाही. मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मागवलेत, तर ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. आमच्या वाटणीसाठी दादाने ते केव्हाच पाठवले आहे. काकांची सही अजून यायची आहे.