चढताना इंजिन तापतं तेव्हा

घोडबंदर रोड, ठाणे : सेसना १७२ या छोट्या विमानावर शिकलो, आता ३०० अश्वशक्तीच्या कॉन्टिनेंटल इंजिनावर आलोय. चढताना सिलिंडर हेडचं (सिलिंडरच्या टोपणाचं) तापमान ४२० फॅरनहाइटला जातं. लाल रेघ ४६० ला आहे. मग चालेल ना?

चालवू नका. लाल रेघ म्हणजे त्यापलीकडे जायचंच नाही अशी हद्द. तिथपर्यंत रोज जायला हरकत नाही, असा तिचा अर्थ नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं आणि तापेल तशी त्याची ताकद घटत जाते. कॉन्टिनेंटलवर मी ३८० ला हालचाल सुरू करतो आणि ४०० ओलांडू देत नाही.

पहिला उपाय : नाक खाली. चढताना ताकद पूर्ण आणि वेग कमी, म्हणजे उष्णता भरपूर आणि ती वाहून नेणारी हवा तोकडी. काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) हवा ढकलणारा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० नॉटचे ११० केलेत की तो जवळजवळ दीडपट होतो. चढण्याचा दर थोडा घटेल, घटू द्या. अडथळे ओलांडले आणि सुरक्षित उंची मिळाली की हा बदल लगेच करा, काटा चढायची वाट पाहू नका. मे महिन्यात बाहेर ३६ अंश सेल्सिअस असताना तर नक्कीच. आणखी एक : बहुतेक १७२ ना काउल फ्लॅप (काउलिंगमधली गरम हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा) नसतात, त्यामुळे ते उघडायची सवय तुमच्या हाताला नसणार. टेकऑफआधी ते पूर्ण उघडे आहेत ना, हे बघाच.

खारघर : इंधन वाचवायला चढतानाच मिक्स्चर (हवा-इंधनाचं मिश्रण) लीन करावं, म्हणजे त्यातलं इंधन कमी करावं का? आणि तापलं तर थ्रॉटल (ताकद कमी-जास्त करणारा दांडा) थोडा मागे घ्यावा का?

टेकऑफचं जादा इंधन वाया जात नसतं. रिच, म्हणजे जादा इंधनाचं मिश्रण सावकाश जळतं, त्यामुळे सिलिंडरमधला कमाल दाब उशिरा येतो, कमी राहतो आणि हेडला उष्णता कमी मिळते. पूर्ण थ्रॉटलला इंधनाचा प्रवाह विमानाच्या हँडबुकातल्या आकड्यापेक्षा कमी दिसत असेल, तर मेकॅनिककडून तो आधी सेट करून घ्या. माझ्या मते तापणाऱ्या इंजिनात सगळ्यात आधी हेच तपासावं.

टर्बो (हवा दाबून आत भरणारं यंत्र) नसलेल्या इंजिनाची ताकद उंचीबरोबर घटते आणि मिश्रण गरजेपेक्षा रिच होत जातं. तिथे टेकऑफनंतर दिसलेलं एक्झॉस्टचं (बाहेर पडणाऱ्या वायूंचं) तापमान तेवढंच राहील असं हळूहळू लीन करणं योग्य. टर्बोचं तसं नाही. ताकद तेवढीच राहते आणि हवा मात्र विरळ होत जाते, म्हणून वर गेल्यावरच त्रास वाढतो. हँडबुक वेगळं सांगत नसेल, तर फुल रिचच ठेवा.

थ्रॉटलबद्दल सांभाळून. बऱ्याच इंजिनांत पूर्ण थ्रॉटललाच जादा इंधन मिळतं. तो जरासा मागे घेतला की ताकद फारशी घटत नाही, पण ते जादा इंधन बंद होतं आणि तापमान उलट वाढू शकतं.

उलवे : आमच्या डोक्यावरून चढणाऱ्या जेट विमानांनाही हा त्रास होतो का?

असा नाही. जेटमध्ये टर्बाइनची पाती कॉम्प्रेसरमधूनच घेतलेल्या हवेने थंड ठेवतात. चढतानाचा कमी वेग तिथे आड येत नाही.

ऐरोली : आमच्या विमानाचा एकच सिलिंडर कायम ३० अंश जास्त गरम दाखवतो. काय बघावं?

आधी प्रोब, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर. त्या सिलिंडरवर स्पार्क प्लगखालच्या वॉशरचा प्रोब असेल आणि बाकीच्यांवर हेडमध्ये बसणारा, तर आकडे जुळणारच नाहीत. प्रोब एकाच प्रकारचे असतील तर शेजारच्याशी अदलाबदल करून बघा. गरम आकडा प्रोबबरोबर सरकला, तर दोष प्रोबचा.

नाही सरकला तर काउलिंग उतरवा आणि बॅफलवरच्या (हवा सिलिंडरकडे वळवणाऱ्या पत्र्यांवरच्या) रबरी पट्ट्या हात फिरवून तपासा. हवा इंजिनाच्या वरून खाली, सिलिंडरवरच्या थंड करणाऱ्या पातळ पट्ट्यांमधून (फिन्समधून) जायला हवी. पट्टीची कड दाबाच्या बाजूला वळलेली हवी. ती उलटी दुमडली असेल तर हवा सिलिंडरला न शिवता निसटते. काउलिंगच्या आतल्या बाजूला पट्टी घासल्याची काळपट रेघ असते. ती जिथे तुटते, तिथेच फट. बॅफल ठीक निघाले तर मग इंधन फवारणारा इंजेक्टरचा नॉझल साफ करून घ्या. अर्धवट तुंबलेल्या नॉझलमुळे तो एकच सिलिंडर लीन चालतो.

मात्र उड्डाणात एखाद्या हेडचं तापमान सेकंदागणिक चढू लागलं आणि त्याच सिलिंडरचं एक्झॉस्टचं तापमान घसरलं, तर प्रोबचा विचार करत बसू नका. ती डेटोनेशन (मिश्रणाचा स्फोटासारखा भडका) किंवा प्री-इग्निशनची (ठिणगीआधीच पेट घेण्याची) खूण आहे. तेव्हा थ्रॉटल जरासा नाही, चांगला मागे घ्या, मिक्स्चर फुल रिच करा, नाक खाली घ्या आणि जवळच्या धावपट्टीवर उतरा.