'मुशीदंती शिशुमार' चालेल का?

प्रश्न असा : एका अनुवादात 'स्क्वालोडॉन्टिडी' हे डॉल्फिनसारख्या प्राचीन प्राण्यांचं नाव आलंय. त्यांना 'मुशीदंती शिशुमारांचं नामशेष कुटुंब' म्हणावं का?

'मुशीदंती' झकास. मुशी म्हणजे शार्क, आणि मूळ नावातही शार्क आणि दात हेच दोन घटक आहेत. आजच्या डॉल्फिनचे दात पुढून मागेपर्यंत एकसारखे, शंकूच्या आकाराचे असतात. यांचे पुढचे दात तसेच होते, पण गालाकडचे त्रिकोणी आणि करवती कडांचे. साम्य तेवढंच. त्या दातांना दोन-दोन मुळं होती, मुशीच्या दातांसारखी त्यांची गोष्ट नव्हे. (कोकणात मुशीला 'मोरी'ही म्हणतात, पण 'मोरीदंती' लिहिलंत तर घाटावरचा वाचक न्हाणीघराकडे बघेल.)

घोळ आहे तो 'शिशुमार'मध्ये. संस्कृतात हा गंगेतला डॉल्फिन, हिंदीतला सूंस. मराठीत मात्र याच शब्दाची झाली सुसर! त्यामुळे 'शिशुमार' वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे सरपटणारा प्राणी आला तर त्याला दोष देता येणार नाही. गंमत म्हणजे 1840 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या ग्रातलू या निसर्गअभ्यासकांनी जबड्याच्या तुकड्यावरून 'स्क्वालोडॉन' हे नाव दिलं, तेव्हा त्यांनाही तो सरपटणारा प्राणीच वाटला होता. त्याआधी, 1670 साली, आगोस्तिनो शिल्ला या चित्रकाराने माल्टात सापडलेल्या अशाच एका दातांच्या तुकड्याचं चित्र छापलं होतं. दगडातले असे अवशेष खऱ्याखुऱ्या प्राण्यांचेच आहेत, हे त्याला पटवून द्यायचं होतं.

दुसरी अडचण नात्याची. काही अभ्यासक या प्राण्यांना गंगेतल्या डॉल्फिनच्या गोतावळ्यात बसवतात, काही बाहेर काढतात. 'शिशुमार' म्हटलं की आपण नकळत एक बाजू घेतो. साधं 'डॉल्फिन' ठेवा. तेही सैल अर्थाने, कारण आजचे बहुतेक समुद्री डॉल्फिन ज्या डेल्फिनिडी कुलातले, ते वेगळं.

'कुटुंब' नको. विश्वकोशात वर्गीकरणातल्या फॅमिलीला 'कुल' म्हटलंय, तेच बरं. 'नामशेष' राहू द्या. मायोसीन काळातच (सुमारे 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वी) संपलेल्या प्राण्याला नाव मिळालं ते एकोणिसाव्या शतकात, तेव्हा नावापुरतं उरणं जरा उलटंच झालं, पण 'विलुप्त'पेक्षा हा शब्द मराठी कानाला ओळखीचा.

म्हणजे पहिल्या उल्लेखात 'मुशीदंती डॉल्फिनांचं स्क्वालोडॉन्टिडी हे नामशेष कुल' असं लिहा. पुढे नुसतं 'मुशीदंती डॉल्फिन' पुरेल.