कंपन्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या फर्मने कंटेंट मार्केटिंगची सुरुवात कुठून करावी?

सेल्स टीमच्या इनबॉक्समधून. डेमोनंतर ग्राहक जे विचारतात, ‘जुना डेटा कसा हलवायचा?’, ‘आमच्या ईआरपीशी (हिशेब, साठा वगैरे एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरशी) जुळेल का?’, ‘करार संपला तर डेटा परत मिळेल का?’, त्या प्रत्येकाचं सविस्तर, खरं उत्तर लिहा. पहिले दहा लेख तिथेच सापडतील.

असं सॉफ्टवेअर एकटा माणूस सहसा घेत नाही. वापरणारा वेगळा, आयटीवाला वेगळा आणि पैसे मंजूर करणारा तिसराच. एकाला रोजचं काम सोपं व्हायला हवं, दुसऱ्याला सुरक्षा आणि एपीआय (दोन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडायची सोय) तपासायचे असतात, तिसऱ्याला एकूण खर्च. तिघांसाठी एकच गुळगुळीत लेख लिहिलात तर तो कोणाच्याच कामाचा नाही.

क्लाउड सर्व्हर भाड्याने देणाऱ्या डिजिटलओशन कंपनीची लिनक्स सर्व्हरवरची ट्युटोरियल्स बघा. त्यांचे ग्राहक नसलेलेही ती उघडतात, आणि नाव आपोआप डोक्यात बसतं.

किंमत लपवू नका (‘संपर्क साधा’ दिसलं की मी तरी टॅब बंद करतो). इंजिनिअरला लेख लिहायला बसवू नका, तो महिनाभर टाळेल. त्याची अर्धा तास मुलाखत घ्या आणि लिहिणाऱ्याला लिहू द्या. व्ह्यूज मोजण्यापेक्षा डेमो मागणाऱ्याला विचारा, आधी काय वाचलं होतं?