टाळी वाजवली की वळते, मग कानाची तपासणी कशाला?

पत्रं वेगवेगळ्या घरांतून येतात, पण मजकूर बहुधा तोच असतो. मूल बोलत नाही, घरातलं कुणीतरी ‘बोलेल की’ म्हणालं, आणि त्यात सहा महिने गेले. याच सदरात मी हे आधीही लिहिलं आहे. पुन्हा लिहिते.

प्रश्न : मुलगा दोन वर्षांचा आहे. आठ-दहा शब्द बोलतो, पण सांगितलेलं सगळं कळतं. त्याचे बाबाही उशिराच बोलले होते, आणि मुलगे उशिराच बोलतात म्हणे. थांबावं का?

थांबू नका. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण ५० शब्द असावेत आणि ‘आई ये’, ‘अजून दे’ अशी दोन शब्दांची जोडी जमायला लागलेली असावी. मुलगे सरासरीने थोडे मागे असतात, पण ते महिन्या-दोन महिन्यांनी. बाबा उशिरा बोलले, हा तर दिलासाच नाही. घरात असा इतिहास असेल तर उलट लवकर दाखवायचं. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात, हे खरं. तुमचा मुलगा त्यांतला आहे का, हे घरी बसून ओळखता येत नाही.

आता ‘सगळं कळतं’ याविषयी. हात मागे बांधा, बुटांकडे बघू नका, बाहेर जायची वेळ नसताना म्हणा, ‘बूट आण.’ आणले तर शब्द कळला. एरवी तो तुमचं बोट, नजर आणि रोजचा शिरस्ता वाचत असतो.

प्रश्न : मुलगी २० महिन्यांची, एकही शब्द नाही. डॉक्टरांनी कानाची तपासणी सांगितली. पण ती बेल वाजली की दाराकडे धावते, टाळी वाजवली की वळते. जन्मल्यावरची चाचणीही ‘पास’ होती. पुढच्या सुट्टीत केली तर चालेल ना?

नाही चालणार. टाळी म्हणजे श्रवणचाचणी नव्हे.

ऐकू येतं किंवा येत नाही, असे दोनच प्रकार नसतात. काही मुलांना खालच्या पट्टीतले आवाज व्यवस्थित येतात, वरच्या पट्टीतले येत नाहीत. त्यांच्यापर्यंत ‘आ’, ‘ऊ’, ‘म’ पोचतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ वाटेतच हरवतात. ‘ससा’ म्हटलं तर कानावर जेमतेम ‘अ-आ’ पडतं. हाकेला असं मूल ओ देतं, कारण नावातले स्वर पोचलेले असतात. पण जो शब्द पूर्ण ऐकलाच नाही, तो बोलणार कसा?

एक बाबा माझ्या तपासणीच्या खोलीत मुलाच्या पाठीमागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मूल दरवेळी वळत होतं आणि बाबा दरवेळी माझ्याकडे विजयाने बघत होते. मी समोर बसले होते, म्हणून मला दिसलं : बाबांचा हात उचलला गेला की समोरच्या आईची नजर वर जायची आणि मूल त्या नजरेमागून वळायचं. आईला मान खाली घालायला सांगितली. मग मागे जाऊन मी बारीक ‘स्‌स्‌स्‌’ केलं. मूल ठोकळे रचत राहिलं.

‘पास’ झालेली चाचणी त्या दिवसापुरती असते. काही दोष नंतर येतात, काही वाढत जातात. शिवाय सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, ते वेगळंच. बऱ्याचदा ते दुखत नाही, बाहेर वाहत नाही, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. एका आठवड्यात मूल बरं ऐकतं, दुसऱ्या आठवड्यात कमी, आणि घरचे म्हणतात ‘लक्षच देत नाही’. टिंपॅनोमेट्रीत, म्हणजे कानाच्या पडद्याची हालचाल मोजणाऱ्या चाचणीत, ते काही मिनिटांत कळतं. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी बेरा चाचणी झोपेत होते, दुखत नाही.

जन्मजात दोषासाठी जगभर मानला जाणारा क्रम असा : पहिल्या महिन्यापर्यंत प्राथमिक चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. तुमची मुलगी २० महिन्यांची आहे आणि तुम्ही सुट्टीची वाट बघताय. याच आठवड्यात श्रवणतज्ज्ञांची वेळ घ्या. अहवाल चांगला आला तर उत्तमच; निदान एक शंका तरी मिटेल आणि वाचातज्ज्ञांना पुढचं काम करता येईल.

ती बोट दाखवून वस्तू दाखवते का, नजरेला नजर देते का, हेही तज्ज्ञांना आवर्जून सांगा. आणि वय कोणतंही असो, आधी येत असलेले शब्द गेले असतील तर एक दिवसही थांबू नका.

प्रश्न : घरात दोन भाषा बोलतो. एक बंद करावी का?

नको. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. शब्द मोजताना मात्र दोन्हींतले मिळून मोजा.

प्रश्न : जिभेखालचा पडदा कापला की मूल बोलू लागेल, असं ऐकलं.

ऐकलेलं सोडून द्या. घट्ट पडद्यामुळे एखाददुसरा उच्चार अडू शकतो, भाषा अडत नाही. कात्रीआधी वाचातज्ज्ञांचं मत घ्या.

प्रश्न : ‘३० दिवसांत बोलतं करू’ अशी जाहिरात पाहिली. शिट्ट्या-फुंकण्यांचा संच, बुद्धिवर्धक सिरप आणि मोबाइल अ‍ॅप मिळतं. घ्यावं का?

शिट्टी वाजवल्याने मूल शिट्टी वाजवायला शिकतं. फुंकरीच्या व्यायामाने बोलणं सुधारतं, याला भक्कम पुरावा नाही. बोलायला लावणारं सिरप अस्तित्वात नाही. ज्याने मूल पाहिलंही नाही तो दिवस मोजून हमी देतो, एवढ्यावरूनच ओळखा. अ‍ॅपबद्दल सांगायचं तर, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी स्क्रीन नको आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त तासभर, असं सांगितलं आहे. स्क्रीन मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. तुम्ही थांबा : प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजा आणि तोवर स्वतः बोलू नका. भल्याभल्यांना जमत नाही.

प्रश्न : साडेतीन वर्षांचा मुलगा सात-आठ महिने ‘मी-मी-मी’ असा अडखळतो. आम्ही ‘हळू बोल’ म्हणतो.

तेवढं म्हणणं बंद करा. हळू तुम्ही बोला. त्याचं वाक्य तोडू नका, पूर्णही करू नका. या वयात अडखळणं बऱ्याच मुलांत येतं आणि अनेकांचं जातंही. पण सात-आठ महिने झाले आहेत, तेव्हा वाट बघणं पुरे. आवाज गळ्यात अडकत असेल, डोळे मिटले जात असतील, बोलणं अर्ध्यात सोडून ‘जाऊ दे’ म्हणत असेल, किंवा घरात कुणी तोतरं बोलत असेल, तर लगेच दाखवा.

प्रश्न : चार वर्षांचा मुलगा ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘राजा’ला ‘लाजा’ म्हणतो. सगळे हसतात आणि पुन्हा म्हणायला लावतात.

हसणं आजच थांबवा, ‘म्हण बघू काका’ही नको. त्याने ‘ताता आले’ म्हटलं की तुम्ही म्हणा, ‘हो, काका आले. काका कुठे बसले?’ बरोबर उच्चार कानावर पडला, गप्पाही चालू राहिल्या. ‘र’ला अजून वेळ आहे. ‘क’ मात्र एव्हाना यायला हवा, म्हणून एकदा तपासून घ्या. येताना त्याचं घरातलं बोलणं मोबाइलवर दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करून आणा. अनोळखी खोलीत ही मंडळी तोंडच उघडत नाहीत.