स्लॅप जमतो, पण फंक वाटत नाही. शिकवणारं कोणी नसताना बास गिटारवर फंक (ठेक्यावर उभं असलेलं अमेरिकन नाचाचं संगीत) कसं शिकायचं?

तुम्ही लिहिलंय की नांदेडजवळच्या गावात राहता, आठ महिन्यांपूर्वी बास गिटार घेतली, व्हिडिओ बघून अंगठ्याचा स्लॅप (तार अंगठ्यानं ठोकून वाजवणं) बसवला, अंगठ्याला फोड आलेत, पण स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं की पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटतं. हे वाचून मी दुकानात एकटाच हसलो. माझं पहिलं दीड वर्ष असंच गारपिटीत गेलंय.

परभणीत आमचं कृषी सेवा केंद्र आहे. सराव मागच्या गोडाऊनमध्ये. युरियाची थप्पी लागलेली असली की तिथं आवाज अजिबात घुमत नाही, एकदम सुका येतो. जूनमध्ये पेरण्या सुरू झाल्या की पोती उतरतात, भिंती उघड्या पडतात आणि माझं वाजवणं अचानक वाईट ऐकू यायला लागतं. बरीच वर्षं मला वाटायचं की सीझनच्या थकव्यामुळे हात बिघडतो. तसं नव्हतं. हात वर्षभर तसाच होता, पोती फक्त माझी एक चूक झाकत होती. ती चूक म्हणजे मी सूर लावत होतो, पण थांबवत नव्हतो. एक सूर दुसऱ्यात सांडत होता.

तुमचाही घोटाळा तिथंच असावा असा माझा अंदाज आहे. फंक अंगठ्यात नसतं. सूर कुठं पडतो आणि कुठं बंद होतो, त्यात असतं. (आमच्या घरी 'बास' या शब्दावर झालेले विनोद मी इथं सांगत नाही, पण फंकपुरतं बोलायचं तर हे वाद्य आपल्या मराठी नावाला जागतं. सूर वाजवला, आता बास.)

स्लॅप आला कुठून ते बघा. १९६०च्या दशकात लॅरी ग्रॅहम हा अमेरिकन वादक सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला आपल्या आईच्या ग्रुपमध्ये वाजवत होता. तो मूळचा गिटारवाला, आणि बासचे सूर ऑर्गनच्या पेडलवर पायानं द्यायचा. ऑर्गन बिघडला म्हणून त्यानं बास भाड्यानं आणला. पुढं ग्रुपमध्ये ड्रमरही राहिला नाही. मग किक ड्रमच्या (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) जागी तो अंगठ्यानं जाड तार ठोकायला लागला आणि स्नेअरच्या (काठीनं वाजवायच्या खणखणीत ड्रमच्या) जागी बोटानं बारीक तार ओढून सोडायला लागला. नंतर 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' या बँडमध्ये तेच हात जगानं ऐकले. म्हणजे स्लॅप ही करामत नव्हती, ती ड्रमरची बदली होती. आपल्याकडचं बोलायचं तर अंगठा म्हणजे डग्ग्यावरचा 'गे' आणि ओढलेली तार म्हणजे चाटीवरचा 'ना'. ठेका डोक्यात नसताना नुसतं 'गेना गेना' करत राहिलं तर तबलासुद्धा गारपीटच वाटेल.

आता मुख्य मुद्दा. फंकचा बाप मानला जाणारा गायक जेम्स ब्राऊन, त्याच्या बँडमध्ये 'द वन' हा जवळजवळ धर्म होता. प्रत्येक चार मात्रांच्या घरातली पहिली मात्रा सगळ्यांनी मिळून दणकून धरायची, मधे काय तो खेळ करायचा. १९७०मध्ये बूट्सी कॉलिन्स हा बासवाला त्याच्याकडे आला तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि भरमसाट वाजवायचा. 'वन' दे, मग मधे तुला हवं ते कर, अशी शिकवण आपल्याला तिथं मिळाली, असं बूट्सीनं पुढं बऱ्याचदा सांगितलंय. आपल्याला हे नवीन नाही. आपण त्याला सम म्हणतो. एकादशीच्या भजनाला बसलेला माणूस, ज्याला संगीतातलं ओ का ठो कळत नाही, तोही समेवर मान हलवतो. तुळजापूरकडचा गोंधळ ऐकलाय ना? संबळवाला मधे कितीही कुरापती करू दे, फिरून जागेवर पडतो तेव्हा अंगात काहीतरी होतं. ते कान तुमच्याकडे आधीपासून आहेत. व्हिडिओवाल्यांनी तुमच्या अंगठ्याकडे लक्ष वेधलं, एवढंच.

पण एक सवय मात्र सोडावी लागेल, आणि ही मला सगळ्यात जड गेली. आपलं भजन शेवटाकडे चढतं. अभंग संथ सुरू होतो, मग दुगण, टाळांचा कल्लोळ, लोक उभे राहतात. रंग चढला की लय चढणारच, हे आपल्या रक्तात आहे. फंकमध्ये लय चढली की खेळ संपला. पहिल्या मिनिटाला जी चाल, तीच सातव्या मिनिटाला. रंग तिथं चढतो तो लय हलत नाही म्हणून. मी मेट्रोनोमशिवाय (लयीची टिकटिक देणाऱ्या यंत्राशिवाय) रेकॉर्ड करून पाहिलं तेव्हा मिनिटाला ८० ठोक्यांवर सुरू केलेली ओळ तीन मिनिटांत ९२ वर पोचली होती. वडील मृदंग वाजवतात. त्यांना हे ऐकवलं तर म्हणाले, "मग चांगलंच आहे की." त्यांच्या बाजूनं त्यांचं बरोबरच आहे. (पहिल्या दिवशी त्यांनी बास उलटीपालटी करून विचारलं होतं, "याला कणीक कुठं लावायची?")

आता हात कसा बसवायचा ते. स्लॅप बाजूला ठेवा, उजव्या हाताची पहिली दोन बोटं वापरा. फोनवर मेट्रोनोम ७० वर लावा. प्रत्येक ठोक्याला मनात 'तिरकिट' म्हणा, म्हणजे एका मात्रेचे चार सारखे भाग झाले. चार तिरकिट, सोळा अक्षरं, एक घर. इंग्रजी आकडे मोजण्यापेक्षा हे जिभेला सोपं जातं.

ए तारेवर (जाड बाजूनं दुसरी) सातवा पडदा, म्हणजे मानेवरची सातवी धातूची पट्टी, हा ई सूर. मुद्दाम मोकळी तार घेत नाही, कारण मोकळी तार थांबवायला अवघड. पहिल्या तिरकिटात 'ति'वर हा सूर घ्या, 'र' संपेपर्यंत धरा आणि 'कि'वर बंद करा. बंद करायचं म्हणजे डावं बोट पडद्यावरून थोडं सैल सोडायचं, पण तारेला टेकलेलंच ठेवायचं. बोट पूर्ण उचललंत तर मोकळी तार बोंबलते. 'ट'वर, बोट तसंच सैल असताना, उजव्या हातानं तार छेडा. 'ठक्' असा बिनसुराचा आवाज येईल. याला घोस्ट नोट म्हणतात. डग्ग्यावर पंजा सपाट ठेवून वाजवलेला 'क' असतो ना, तोच हा.

दुसऱ्या तिरकिटात 'ति' रिकामा, 'र'वर घोस्ट, 'कि'वर त्याच तारेचा पाचवा पडदा, 'ट'वर परत सातवा, अगदी आखूड. तिसरं तिरकिट पूर्ण रिकामं. हो, पूर्ण. इथं हात शिवशिवतो, काहीतरी भरावंसं वाटतं. भरू नका. चौथ्यात 'ति'वर जी तारेचा (सगळ्यात बारीक) नववा पडदा, म्हणजे तोच ई वरच्या सप्तकातला, 'र' रिकामा, 'कि'वर ए तारेचा पाचवा, 'ट'वर घोस्ट. आणि मग सम. सातवा पडदा, जोरात.

एवढी एक ओळ रोज वीस मिनिटं. कंटाळा येईल आणि कंटाळ्याच्या पलीकडेच ती बसते. माझी सहा आठवड्यांनी बसली, तीही एकदा युरियाची गाडी उतरून घेताना हमालांच्या चालीवर मनात वाजायला लागली तेव्हा. बसली की मेट्रोनोम निम्म्यावर आणा. चाल ८० ची असेल तर मेट्रोनोम ४० वर, आणि त्याची टिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असं धरून वाजवा. आता सम तुम्हालाच सांभाळायची, यंत्र ती सांगणार नाही. पहिले काही दिवस टिक फिरून पहिल्या-तिसऱ्यावर येऊन बसेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

ऐकण्यासाठी फार यादी देत नाही. 'द मीटर्स' या न्यू ऑर्लिन्सच्या बँडचं १९६९चं 'सिसी स्ट्रट' घ्या. जॉर्ज पोर्टर ज्युनिअरचा बास, गाणं संथ, स्लॅप कुठंच नाही. बास आणि गिटार बराच वेळ एकच ओळ वाजवतात, त्यामुळे साध्या इअरफोनवरही पकडता येते. नंतर जेम्स ब्राऊनचं १९६७चं 'कोल्ड स्वेट'. टॉवर ऑफ पॉवर या बँडचा बासवाला रोको प्रेस्टिया सध्या नुसता ऐका, वाजवायला जाऊ नका. सोळाच्या सोळा अक्षरं भरूनही तो मोकळा कसा वाटतो, हे माझ्या हाताला अजून पुरतं उमगलेलं नाही. आणि घरचं म्हणून आर. डी. बर्मनची सत्तरच्या दशकातली गाणी परत ऐका. त्यांच्याकडे टोनी वाझ बास वाजवायचे. लहानपणापासून ऐकलेल्या गाण्यांत खाली एवढं काही चाललं होतं, हे मला तिशीत कळलं.

कुणाबरोबर वाजवायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. आपल्या भागात ऑर्केस्ट्रात बासवाला लागतच नाही, कीबोर्डवाल्याचा डावा हात ते काम करतो. मी एका तालुक्याच्या गावी गणपतीत हट्टानं उभा राहिलो होतो. कीबोर्डचा डावा हात चालू, माझा बासही चालू, खाली नुसता चिखल. साउंडवाल्यानं गुपचूप माझा आवाज शून्यावर नेला. सहा गाणी मी जीव तोडून वाजवली आणि नंतर सामान भरताना कळलं की मी बाहेर ऐकूच येत नव्हतो. राग आला, पण रात्री जीपमध्ये डोक्यात एकच आलं: सहा गाण्यांत कुणालाही काही कमी वाटलं नाही. तेव्हा आधी कीबोर्डवाल्याशी बोला, दोन गाण्यांपुरता डावा हात बंद ठेवायला सांगा. आणि ऑक्टोपॅडवाल्याशी मैत्री करा. त्याच्या किकच्या पॅडबरोबर तुमचा सूर एकदम पडला की मांडव हलतो. गावात ढोलकीवाला असेल तर तोही चालेल, फक्त त्याला चढू नको म्हणून आधीच विनवा.

सामानाचं थोडक्यात. छोट्या गिटार अँपवर बास मोठ्यानं लावू नका, स्पीकर फाटतो. लाइट गेली किंवा अँप नसला तर गिटारचं डोकं लाकडी कपाटाला टेकवून वाजवा, कपाटच बोलायला लागतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि पडद्यांची टोकं कडेला बाहेर येऊन हाताला टोचतात. ते दिसलं की घाबरून दुकानात पळू नका. गिटार बॅगेत ठेवा, पत्र्याच्या खोलीत नको, आणि पावसाळ्यापर्यंत थांबा, बऱ्याचदा आपोआप आत जातात. बासच्या तारा आमच्याकडे मिळत नाहीत, तुमच्याकडेही अवघडच असेल. एक जादा सेट मागवून ठेवा.

स्लॅप महिनाभर बंद. तेवढ्यात अंगठ्याचे फोडही बरे होतील.