रांगायच्या आधीच आवरून घ्या

बाळ अजून पालथंही पडत नाही म्हणून निवांत राहू नका. साधारण चौथ्या महिन्यापासून ते कधी कूस बदलेल याचा नेम नसतो. ‘आलेच हं’ म्हणत त्याला पलंगावर एकटं सोडून उठायचं नाही. उठायचंच असेल तर खाली सतरंजीवर ठेवा.

एकदा स्वतः गुडघ्यांवर घरभर रांगून बघा. घरचे हसतील, हसू देत. लोंबणारी चार्जरची वायर, टेबलक्लॉथचं टोक, कपाटाखाली घरंगळलेलं नाणं तिथूनच दिसतं.

मला सगळ्यात धास्ती बटण सेलची. चपटा, चकचकीत, नेमका तोंडात घालावासा वाटणारा. रिमोट, वजनकाटा, वाजणारी खेळणी, कुठेही असतो. झाकणाला स्क्रू नसेल तर ती वस्तू हाती लागूच देऊ नका. गिळला तर 2 तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते. उलटी करवू नका, लक्षणांची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

बादली वापरून झाली की उपडी. 5 सेंटिमीटर पाणीही बुडायला पुरतं. मांडीवर बाळ असताना गरम चहा नकोच. भाजलंच तर 20 मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट काही लावू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.